युरोलॉजीच्या ऑपरेशनांवरचं संशोधन कसं वाचावं: आकड्यामागचा रुग्ण शोधण्याची पद्धत

प्रोस्टेटचा, किडनीचा किंवा मूत्राशयाचा कॅन्सर निघाला की घरातलं कुणीतरी रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर शोधत बसतं. एखादा शोधनिबंध हाती लागतो. अमुक ऑपरेशननंतर इतके टक्के रुग्ण पाच वर्षं जगले, तमुक ऑपरेशननंतर तितके, असं त्यात लिहिलेलं असतं, आणि मग तो आकडा डोक्यातून जात नाही. हा लेख अशा शोधणाऱ्या माणसासाठी आहे. जर्नल क्लबमध्ये, म्हणजे शोधनिबंधांवर चर्चा करायच्या डॉक्टरांच्या बैठकीत, पहिल्यांदाच पेपर मांडायला उभ्या राहणाऱ्या निवासी डॉक्टरांनाही तो कामी येईल, कारण तपासायच्या गोष्टी दोघांनाही त्याच आहेत.

माझं सांगणं एकच आहे. निकालाचा आकडा वाचण्याआधी तो कुणाचा आहे, हे शोधा. कोणत्या रुग्णाला कोणतं ऑपरेशन मिळालं आणि ते कुणी, कशावरून ठरवलं? या क्षेत्रातली सगळ्यात मोठी फसगत रुग्णांच्या निवडीत होते, आणि गोषवाऱ्यात तिचा पत्ता लागत नाही.

पायरी १ : अभ्यासाची जात ओळखा

गोषवारा वाचून झाला की निष्कर्षाकडे धावू नका, 'पद्धती' हा विभाग उघडा. तिथे एका प्रश्नाचं उत्तर शोधायचं: रुग्ण दोन गटांत कसे वाटले गेले? चिठ्ठी टाकल्यासारखे, म्हणजे संगणकानं कुठल्याही पसंतीशिवाय वाटले असतील तर ती रँडमाइज्ड ट्रायल. हॉस्पिटलच्या किंवा कॅन्सर नोंदणीच्या जुन्या नोंदी काढून दोन ऑपरेशनांची तुलना केली असेल तर तो निरीक्षणात्मक अभ्यास. शस्त्रक्रियेवरचं बहुतांश संशोधन या दुसऱ्या प्रकारातलं असतं. त्याला काही किंमत नाही असं मुळीच नाही. दुर्मीळ गुंतागुंत, दीर्घकाळचे परिणाम, रोजच्या व्यवहारात प्रत्यक्ष काय घडतं, हे त्यातूनच कळतं. पण 'हे ऑपरेशन त्यापेक्षा चांगलं' असं म्हणायला ते बहुतेक वेळा अपुरं पडतं. का, ते किडनीच्या उदाहरणावरून बघू.

किडनीतली लहान गाठ काढायचे दोन मार्ग आहेत. एक, पूर्ण किडनी काढायची. दुसरा, फक्त गाठ आणि तिच्या कडेचा थोडा भाग काढून बाकीची किडनी वाचवायची. दुसरा मार्ग आला तेव्हा तर्क सरळ होता: किडनी वाचली की तिचं काम टिकेल, काम टिकलं की हृदय आणि रक्तवाहिन्यांचे विकार कमी होतील आणि माणूस जास्त जगेल. जुन्या नोंदींवरच्या एकामागून एक अभ्यासांनी तेच दाखवलं.

मग युरोपातल्या ईओआरटीसी या कॅन्सर संशोधन संस्थेच्या ३०९०४ क्रमांकाच्या ट्रायलचा निकाल २०११ साली आला. पाच सेंटिमीटरपर्यंतची गाठ असलेल्या ५४१ रुग्णांना चिठ्ठीनं दोन ऑपरेशनांत वाटलं होतं. दहा वर्षांनी पूर्ण किडनी काढलेल्यांपैकी ८१.१ टक्के हयात होते आणि किडनी वाचवलेल्यांपैकी ७५.७ टक्के. कल अपेक्षेच्या थेट उलटा. ट्रायल पुरेसे रुग्ण न मिळाल्यानं ठरल्यापेक्षा लवकर थांबली होती, आणि किडनीच्या कॅन्सरचं निदान पक्कं असलेल्या पात्र रुग्णांपुरतं पाहिलं तर हा फरक सांख्यिकीच्या कसोटीवर टिकला नाही. म्हणून 'पूर्ण किडनी काढणंच बरं' असा अर्थ त्यातून कुणी काढू नये. शक्य असेल तिथे लहान गाठीसाठी किडनी वाचवण्याचाच सल्ला आजही दिला जातो. त्याच ट्रायलच्या पुढच्या विश्लेषणात किडनीच्या कामातली मध्यम घट, वाचवलेल्या गटात खरोखरच कमी आढळली. मात्र किडनी पूर्ण निकामी होण्याचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखं निघालं.

मग आधीच्या अभ्यासांना एवढा मोठा फायदा दिसला कुठून? उत्तराचा धागा अमेरिकेतल्या नोंदींवरच्या एका विश्लेषणात आहे. किडनी वाचवणारं ऑपरेशन झालेले रुग्ण, कॅन्सर नसलेल्या तुलनागटापेक्षाही जास्त जगलेले दिसले. कॅन्सर होऊन ऑपरेशन झालेला माणूस कॅन्सर न झालेल्यापेक्षा जास्त जगतो, हे ऑपरेशनचं कर्तृत्व असू शकत नाही. सर्जननं या जास्त अवघड ऑपरेशनसाठी मुळातच धडधाकट माणसं निवडली होती, एवढाच त्याचा अर्थ.

पायरी २ : पहिला तक्ता सावकाश वाचा

जवळजवळ प्रत्येक पेपरमध्ये 'तक्ता १' असतो. दोन्ही गटांतले रुग्ण ऑपरेशनआधी कसे होते, ते त्यात दिलेलं असतं. बरेच वाचक तो ओलांडून पुढे जातात. मी म्हणेन, वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा आणि हा तक्ता वाचा.

बोट ठेवून एकेक ओळ बघा. दोन्ही गटांचं वय किती? मधुमेह, हृदयविकार, फुप्फुसाचे आजार किती जणांना? प्रोस्टेट असेल तर पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) आणि ग्लीसन स्कोअर (बायोप्सीत कॅन्सर किती आक्रमक दिसतो त्याचा अंक), मूत्राशय असेल तर गाठ स्नायूपर्यंत गेली आहे का आणि ऑपरेशनआधी केमोथेरपी दिली का, किडनी असेल तर गाठीचा आकार आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी). एक ओळ हमखास नजरेतून सुटते: ऑपरेशन कोणत्या वर्षी झालं. जुन्या पद्धतीचे रुग्ण २००५ चे आणि नव्या पद्धतीचे २०१५ चे असतील तर मधल्या दहा वर्षांत भूल, अतिदक्षता, स्कॅन आणि औषधं, सगळंच सुधारलेलं असतं. त्या सुधारणेचं श्रेय नव्या ऑपरेशनच्या खात्यात जमा होतं.

'प्रोपेन्सिटी स्कोअर वापरून गट जुळवले', म्हणजे नोंदीतल्या माहितीवरून सारखे दिसणारे रुग्ण जोडीनं निवडले, असं वाक्य आलं की अनेकांना वाटतं, झालं, आता तुलना न्याय्य. पण जे नोंदीत आहे तेवढंच जुळवता येतं. रुग्ण खोलीत चालत आला की खुर्चीतून आणला, त्याची अंगकाठी कशी आहे, घरी बघणारं कुणी आहे का, हे सर्जनच्या डोळ्यांना दिसतं, निर्णयावर परिणामही करतं आणि संगणकातल्या फाइलीत बहुधा कुठेच नसतं.

निवडीचा आणखी एक प्रकार लसिका ग्रंथींच्या बाबतीत दिसतो. मूत्राशय काढताना जितक्या जास्त ग्रंथी काढाव्यात तितका रुग्ण जास्त जगतो, असं जुन्या नोंदींवरचे अनेक अभ्यास सांगत होते. यात दोन गोष्टी मिसळलेल्या होत्या. एक तर विस्तृत ऑपरेशन तब्येतीनं बऱ्या रुग्णांचंच होत होतं. दुसरं म्हणजे जास्त ग्रंथी तपासल्या की लपलेला कॅन्सर सापडतो, त्या रुग्णाची स्टेज वर जाते, आणि तो खालच्या गटातून निघून गेल्यानं खालच्या गटाची सरासरी सुधारते. वरच्या गटात मात्र तो तिथल्या इतरांपेक्षा बरा असतो, म्हणून तिथलीही सरासरी सुधारते. एकही माणूस एक दिवस जास्त जगलेला नसतो, तरी प्रत्येक स्टेजचा निकाल चांगला दिसायला लागतो.

पुढे अमेरिका आणि कॅनडात स्वॉग या कॅन्सर संशोधन गटाच्या एस१०११ या ट्रायलमध्ये हेच चिठ्ठ्या टाकून तपासलं गेलं. ५९२ रुग्णांवरच्या या ट्रायलचा निकाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. विस्तृत ग्रंथी काढल्यानं कॅन्सर उलटण्यापासून किंवा मृत्यूपासून जास्त संरक्षण मिळालं नाही. उलट गंभीर गुंतागुंत आणि ऑपरेशननंतरच्या ९० दिवसांतले मृत्यू विस्तृत गटात जास्त होते. तर्काला पटणारी गोष्टही तपासून का घ्यावी, याचं याहून बोलकं उदाहरण मला माहीत नाही.

पायरी ३ : मोजलं काय?

'यश' या शब्दाची व्याख्या शोधा. ती प्रत्येक पेपरची वेगळी असते.

प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लघवीवर ताबा किती जणांना आला, हा रुग्णाच्या दृष्टीनं अगदी जिव्हाळ्याचा प्रश्न. काही पेपर 'एकही पॅड लागत नाही' याला ताबा म्हणतात, काही 'दिवसाला शून्य किंवा एक पॅड' याला. दुसऱ्या व्याख्येत, बाहेर जाताना धाकधूक वाटते म्हणून रोज पॅड लावणारा माणूसही 'पूर्ण बरा' ठरतो. रुग्ण तोच, सर्जन तोच, फक्त व्याख्या बदलली की टक्केवारी चढते. त्यातही उत्तर कुणी नोंदवलं ते पाहा. तपासणीच्या खोलीत सर्जन विचारतो, 'कसं आहे?' आणि रुग्ण म्हणतो, 'बरं आहे.' घरी बसून ईपिकसारखी प्रमाणित प्रश्नावली स्वतः भरताना तोच रुग्ण वेगळं लिहितो. लैंगिक ताठरतेच्या प्रश्नाला तर हे दुपटीनं लागू आहे. रुग्णानं स्वतः भरलेल्या प्रश्नावलीवरचा अभ्यास मी नेहमी वरचा मानतो, आणि ऑपरेशनआधीही तीच प्रश्नावली भरून घेतली असेल तर आणखी वरचा. मुळात अडचण किती होती हे माहीत नसेल तर ऑपरेशननं काय बिघडलं, ते कसं कळणार?

कॅन्सर उलटल्याची व्याख्याही अशीच तपासावी लागते. प्रोस्टेट काढल्यानंतर पीएसए साधारण ०.२ किंवा त्याहून वर दोनदा आला की 'उलटला' म्हणतात. रेडिएशननंतर प्रोस्टेट शरीरातच असतं, म्हणून तिथे पीएसएच्या सगळ्यात खालच्या पातळीवर २ ची वाढ झाली की उलटला असं धरतात. दोन मापं वेगळी. त्यामुळे 'पीएसए उलटण्याचं प्रमाण' घेऊन ऑपरेशन आणि रेडिएशनची तुलना केलेली दिसली की तो पेपर बाजूला ठेवायला हरकत नाही. शिवाय पीएसए वाढणं म्हणजे हाडात पसरणं नव्हे, आणि मृत्यू तर नव्हेच. अनेक रुग्णांत यामध्ये वर्षांमागून वर्षं जातात.

मुतखड्याच्या पेपरमध्ये 'खडामुक्त' या शब्दाचं हेच होतं. चार मिलिमीटरपर्यंतचे तुकडे उरले तरी खडामुक्त म्हणणारे अभ्यास आहेत, आणि नंतरची तपासणी सीटी स्कॅननं न करता सोनोग्राफीनं केली तर लहान तुकडे दिसतच नाहीत.

पायरी ४ : मोजलं कधी?

मूत्राशय काढण्याचं ऑपरेशन युरोलॉजीतल्या मोठ्या ऑपरेशनांपैकी एक. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रानं २००९ मध्ये ११४२ रुग्णांचा हिशोब काटेकोर पद्धतीनं मांडला. ९० दिवसांत ६४ टक्के रुग्णांना काही ना काही गुंतागुंत झाली होती, १३ टक्क्यांना गंभीर. मृत्यूचं प्रमाण ३० दिवसांत १.५ टक्के होतं आणि ९० दिवसांत २.७ टक्के. म्हणजे फक्त पहिल्या महिन्याचा निकाल छापणारा पेपर त्रासाचा मोठा भाग मोजतच नाही. या ऑपरेशनसाठी ९० दिवसांपेक्षा कमी मुदतीचा आकडा धरू नये.

प्रोस्टेटच्या बाबतीत महिने पुरत नाहीत, दशकं लागतात. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट ट्रायलकडे बघा. पीएसए तपासणीतून सापडलेल्या, प्रोस्टेटपुरत्या मर्यादित कॅन्सरच्या १६४३ पुरुषांना चिठ्ठीनं तीन गटांत वाटलं होतं: नियमित देखरेख, ऑपरेशन आणि रेडिएशन. पंधरा वर्षांचा निकाल २०२३ मध्ये आला. प्रोस्टेट कॅन्सरनं देखरेख गटातले १७ जण गेले, ऑपरेशन गटातले १२ आणि रेडिएशन गटातले १६. म्हणजे अनुक्रमे ३.१, २.२ आणि २.९ टक्के, आणि हा फरक सांख्यिकीदृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता. कॅन्सर शरीरात इतरत्र पसरण्याचं प्रमाण मात्र देखरेख गटात ९.४ टक्के होतं, ऑपरेशन गटात ४.७ आणि रेडिएशन गटात ५ टक्के. त्रासाच्या बाजूला, ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी ४६ टक्के पुरुष पॅड वापरत होते आणि सहा वर्षांनी १७ टक्के. सहा महिन्यांचा आकडा वाचून घाबरणारा आणि सहा वर्षांचा वाचून निश्चिंत होणारा, दोघंही अर्धंच वाचतात.

वेळेचा आणखी एक सापळा आहे. 'ऑपरेशननंतर केमोथेरपी घेतलेले, न घेतलेल्यांपेक्षा जास्त जगले' असं वाक्य आलं की विचारा: केमो सुरू होईपर्यंत दोन-तीन महिने जगलेलेच त्या गटात आले ना? त्याआधी दगावलेले आपोआप 'न घेतलेल्या' गटात मोजले गेले. चांगले संशोधक यासाठी एक ठरावीक दिवस धरून त्या दिवशी हयात असलेल्यांचीच तुलना करतात. तशी काळजी घेतल्याचा उल्लेख नसेल तर निष्कर्ष कच्चा समजा.

आणि शेवटपर्यंत किती जणांचा पत्ता राहिला, हेही बघा. प्रश्नावली परत न पाठवणारे रुग्ण मजेत असतात असं समजायला काही आधार नसतो.

पायरी ५ : गुंतागुंतीची प्रत

'गुंतागुंत २० टक्के' या वाक्यातून काहीच कळत नाही. २००४ साली मांडलेली क्लॅव्हियन-डिंडो श्रेणी वापरली आहे का, ते पाहा. किरकोळ बदल म्हणजे पहिली श्रेणी, रक्त चढवणं किंवा वेगळी औषधं लागणं म्हणजे दुसरी, पुन्हा नळी घालणं, दुर्बिणीचा उपचार किंवा ऑपरेशन लागणं म्हणजे तिसरी, जिवावर बेतून अतिदक्षता विभागात जावं लागणं चौथी आणि मृत्यू पाचवी. तिसरी आणि त्यापुढची बेरीज करा. तो तुमचा आकडा.

पायरी ६ : टक्केवारीच्या भाषेतून बाहेर या

'धोका निम्म्यावर आला' हे वाक्य दिसलं की शंभर माणसं डोळ्यांसमोर आणा. प्रोटेक्टमध्ये कॅन्सर पसरण्याचा धोका ऑपरेशननं निम्मा केला, हे खरं. शंभर जणांच्या हिशोबात पंधरा वर्षांत नऊऐवजी पाच जणांत तो पसरला, हेही खरं. निर्णयाला दुसरं वाक्य लागतं. आणि त्याच ट्रायलमध्ये पंधरा वर्षांत कुठल्याही कारणानं एकूण ३५६ पुरुष गेले, त्यातले प्रोस्टेट कॅन्सरनं फक्त ४५. वय आणि इतर आजार या आकड्यात जेवढं बोलतात तेवढा कॅन्सर बोलत नाही.

'फरक आढळला नाही' आणि 'दोन्ही सारखेच' यांत अंतर आहे. त्यासाठी कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा फरक साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो ती पट्टी, बघावी लागते. शरीरात पसरलेल्या किडनीच्या कॅन्सरवरच्या फ्रान्समधून चाललेल्या कार्मेना ट्रायलनं (२०१८) फक्त सुनिटिनिब हे औषध देणं हे आधी किडनी काढून मग औषध देण्यापेक्षा वाईट नाही, असं दाखवलं. मृत्यूच्या धोक्याचं गुणोत्तर (१ म्हणजे दोन्ही गटांत धोका सारखा) ०.८९ आणि पट्टी ०.७१ ते १.१०. आधीच ठरवलेली मर्यादा १.२० होती, पट्टी तिच्या आत राहिली, म्हणून निष्कर्ष उभा राहिला. मर्यादा आधी ठरवली होती हे महत्त्वाचं. इथे एक जोड द्यायला हवी: त्यानंतर या आजाराची औषधं बदलली, इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध वापरणारे उपचार) आली. ट्रायल चोख असली तरी तिच्यातला उपचार जुना होऊ शकतो.

पायरी ७ : सर्जन कोण होता?

औषधाची गोळी कुणीही दिली तरी तीच असते. ऑपरेशनचं तसं नाही, त्याला हात बसावा लागतो. अमेरिकेतल्या चार केंद्रांतल्या ७२ सर्जनांच्या ७७६५ प्रोस्टेट ऑपरेशनांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी १० ऑपरेशनं केलेल्या सर्जनच्या रुग्णांत पाच वर्षांत पीएसए उलटण्याची शक्यता १७.९ टक्के होती आणि २५० केलेल्याच्या रुग्णांत १०.७ टक्के.

रोबोट हवा की उघडं ऑपरेशन, हा प्रश्न यापुढे दुय्यम वाटायला लागतो. ऑस्ट्रेलियात ३२६ पुरुषांवर झालेल्या ट्रायलमध्ये (२०१६) बारा आठवड्यांनी लघवी आणि लैंगिक क्षमता दोन्ही गटांत सारखीच होती. रोबोटच्या गटात रक्तस्राव कमी झाला. पण प्रत्येक पद्धतीला तिथे एकच सर्जन होता, त्यामुळे ती पद्धतींइतकीच दोन हातांची तुलना झाली. मूत्राशयासाठी अमेरिकेतल्या रेझर ट्रायलमध्ये (२०१८) दोन वर्षं कॅन्सर न वाढता राहिलेले रोबोट गटात ७२.३ टक्के आणि उघड्या गटात ७१.६ टक्के निघाले. ब्रिटनच्या आयरॉक ट्रायलमध्ये (२०२२) पहिल्या ९० दिवसांत हॉस्पिटलबाहेर काढलेले दिवस रोबोट गटात ८२ आणि उघड्या गटात ८० होते. फायदा आहे, तो सुरुवातीच्या दिवसांतल्या सावरण्यात आहे, आणि जाहिरातीत वाटतो त्यापेक्षा बराच लहान आहे.

पायरी ८ : पेपर घेऊन सर्जनसमोर बसताना

त्या अभ्यासातला माणूस आपल्यासारखा आहे का, हे शेवटी ठरवायचं. स्वीडन, फिनलंड आणि आइसलंडमधल्या ६९५ पुरुषांवरच्या एसपीसीजी-४ या ट्रायलमध्ये प्रोस्टेट काढल्यानं २३ वर्षांच्या हिशोबात सरासरी २.९ वर्षं आयुष्य वाढलं. प्रोटेक्टच्या पंधरा वर्षांत असा फरक दिसला नाही. हे निकाल एकमेकांना खोटं पाडत नाहीत. पहिल्यात पाठपुरावा आणखी लांबचा आहे, शिवाय बहुतेकांची गाठ डॉक्टरांच्या बोटाला लागण्याइतकी वाढलेली होती. दुसऱ्यातले बहुतेक रक्ततपासणीतून लवकर सापडलेले होते. तुमच्या बायोप्सीचा ग्रेड, स्टेज आणि पीएसए एका कागदावर लिहा आणि पेपरमधल्या तक्ता १ शेजारी ठेवा. वय किंवा स्टेज तिथल्या रुग्णांच्या आसपासही नसेल तर तो आकडा तुमच्यासाठी नाही.

मग विचारायचे प्रश्न असे: डॉक्टर, हे ऑपरेशन तुम्ही वर्षाला किती करता? तुमच्या स्वतःच्या रुग्णांत एक वर्षानंतर एकही पॅड न लागणारे किती? तिसऱ्या आणि त्यापुढच्या श्रेणीची गुंतागुंत ९० दिवसांत किती जणांना झाली? हे आकडे तुम्ही लिहून ठेवता का? माझ्या बाबतीत फक्त देखरेख ठेवली तर काय होईल? शेवटचा प्रश्न विचारायला लोक कचरतात. पण कमी धोक्याच्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये तो सगळ्यात आधी विचारावा, आणि त्या निर्णयासाठी काही आठवडे मागून घेतले तरी बहुधा बिघडत नाही. स्नायूपर्यंत गेलेल्या मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये मात्र उलट आहे. तिथे पेपर वाचत महिने घालवू नका, आठवड्याभरात दुसरं मत घ्या आणि केमो आधी द्यायची की नाही, हे पहिल्याच भेटीत विचारा.